छत हलकं कशानं होतं?

प्रश्न: आमचं कुटुंब तीन पिढ्यांपासून रायपुरात आहे, शंकर नगरात घर आहे. गच्चीवर 6 मीटर बाय 8 मीटरचं उघडं छत घालायचं आहे. मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिनं संगणकावर उंच-सखल वळणांचं लोखंडी जाळीचं छत काढलं आहे. त्यात जवळजवळ प्रत्येक तुकड्याचं माप वेगळं आहे. ती म्हणते, ही पॅरामेट्रिक रचना आहे, साध्या शेडपेक्षा कमी लोखंडात होईल. आमचा फॅब्रिकेटर म्हणतो, कापून देतो, पण जोडताना जीव जाईल. कोणाचं खरं मानायचं? आणि हे सगळं संगणक आपणहून ठरवतो का?
— एक वाचक, शंकर नगर, रायपूर

उत्तर: दोघांचंही खरं आहे. पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही, ती म्हणजे वारा. त्याचा हिशेब शेवटी मांडतो. आधी संगणकाचं पाहू.

संगणक आपणहून काही ठरवत नाही. खांब कुठे, मधली उंची किती, जाळीचे भाग किती, हे आकडे मुलगी देते आणि त्यांचा एकमेकांशी संबंधही तीच बांधून देते. मग एक्सेलच्या तक्त्यात एक रकाना बदलला की खालच्या सगळ्या बेरजा बदलतात, तसं पॅरामेट्रिक रचनेत होतं: एक खांब अर्धा मीटर सरकवला की जाळीची प्रत्येक पट्टी नव्या मापाची होऊन समोर येते. आज बहुतेक विद्यार्थी हे काम ग्रासहॉपर या प्रोग्रामवर करतात. डेव्हिड रटन यांनी तो 2007च्या सुमारास तयार केला. पण कल्पना त्याहून बरीच जुनी. इटलीच्या लुइजी मोरेत्ती यांनी 1960मध्ये मिलानच्या प्रदर्शनात स्टेडियमचे असे नमुने मांडले होते, ज्यांत प्रेक्षकाला मैदान किती नीट दिसतं यावरून बैठकीचा आकार ठरत होता.

मात्र या पद्धतीनं काढलेलं छत हलकंच असेल, असं मुळीच नाही. हव्या तितक्या जड आणि उधळ्या वस्तूही याच पद्धतीनं काढता येतात. शहरोशहरी दुकानांच्या दर्शनी भागावर लागणाऱ्या नागमोडी जाळ्या पाहा. त्या कशाचाही भार घेत नाहीत, उलट त्यांना उभं ठेवायला मागे लोखंडी सांगाडा लागतो. त्यांना हलकी रचना म्हणणं मला पटत नाही.

हलकेपणा येतो आकारातून. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा दोन टोकांवर ठेवला तर स्वतःच्या वजनानंच झोळ खातो. त्यालाच पन्हळ पाडली की तो एका पर्लिनपासून, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीपासून, दुसऱ्या पर्लिनपर्यंत भार घेऊन उभा राहतो. लोखंड तेवढंच, फक्त आकार बदलला. याच्या उलट बाजूला सरळ तुळई आहे. तिच्यावर भार आला की ती वाकते. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधलं लोखंड फारसं काम न करता नुसतं वजन वाढवतं. म्हणून हलकी रचना करणाऱ्याचा सगळा खटाटोप वाकणं टाळण्याचा असतो. भार एक तर निव्वळ ताणानं जावा, नाही तर निव्वळ दाबानं.

असा आकार शोधायचा कसा, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं 1675मध्ये सांगून ठेवलं. दोन टोकांना अडकवलेली साखळी आपोआप जो आकार घेते, त्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाबावर उभी राहणारी कमान मिळते. बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी आंतोनी गाउदी यांनी याच तत्त्वावर दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या आणि या नमुन्यावर सुमारे 10 वर्षं काम केलं. जर्मनीच्या फ्राय ऑटो यांनी साबणाच्या पातळ पडद्यांवरून तंबूंचे आकार शोधले. म्युनिकच्या 1972च्या ऑलिंपिक मैदानावरचं छत त्याच अभ्यासातून आलं. गाउदींना ज्याला वर्षं लागली ते आज मुलीच्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. संगणकाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगावला आहे. तिथल्या शारदा शाळेत मुंबईचे वास्तुकार समीप पडोरा यांच्या कार्यालयानं माया सोमय्या वाचनालय बांधलं. ते 2018मध्ये पूर्ण झालं. त्याचं छत म्हणजे जमिनीतून वर येणारं, वाचनालयावरून जाणारं आणि पुन्हा जमिनीला टेकणारं विटांचं कवच. मुलं त्याच्याखाली वाचत बसतात आणि त्याच्यावरून चालतही जातात. पातळ विटांचे तीन थर, मध्ये मसाल्याचे थर, सगळी मिळून जाडी 10 सेंटिमीटरच्या आसपास. त्यात लोखंडी सळ्या नाहीत, कारण सगळा भार दाबानं जातो आणि दाब सोसायला वीट पुरेशी आहे. शेजारच्या कर्नाटकातल्या विजयपूरचा गोल घुमट आठवा. 38 मीटर व्यासाचा तो घुमट पेलायला कवच सुमारे 3 मीटर जाड करावं लागलं होतं. दोन्हींची मापं वेगळी, काळ वेगळा, त्यामुळे ही सरळ तुलना नाही. पण आकार नेमका सापडला तर किती साहित्य वाचतं, याचा अंदाज येतो.

कोपरगावच्या छताचा आकार रायनोवॉल्ट या संगणकीय साधनानं शोधला. ते झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ब्लॉक संशोधन गटानं केलेलं आहे. त्याच गटानं 2016मध्ये व्हेनिसला 399 दगडांची कमान मसाल्याचा थेंबही न वापरता उभी केली होती. पण तिथे प्रत्येक दगड यंत्रानं कापलेला होता. कोपरगावला बांधणी गवंड्यांच्या हातानं झाली. पद्धत स्पेनमधल्या कॅटलोनियातली, काही शतकं जुनी: पातळ विटा आडव्या लावत, थरावर थर चढवत जायचं. आकडेमोड संगणकाची आणि काम हाताचं. आपल्या देशात डिजिटल बांधणीचा हाच रस्ता मला सर्वांत योग्य वाटतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावर राज रेवल आणि महेंद्र राज यांनी 1972मध्ये हॉल ऑफ नेशन्स उभारला तेव्हाही असाच विचार होता. पोलाद महाग आणि माणसांचे हात भरपूर, म्हणून त्याची त्रिमित जाळी काँक्रीटमध्ये ओतली गेली. 2017मध्ये ती पाडली, याची हळहळ मला आजही आहे.

पण कोपरगावचं छत पाहून तुमच्या गच्चीवर विटांचं कवच घालायला जाऊ नका. कमान नेहमी आपले पाय बाहेर ढकलते. तिथे तो रेटा जमिनीनं घेतला. गच्चीवर तो कठड्यावर येईल, आणि कठडा त्यासाठी बांधलेला नसतो. लोखंडी जाळीच्या कवचालाही हा रेटा असतोच, फक्त कमी. कडेनं बंद चौकट किंवा समोरासमोरच्या पायांना बांधणारा आडवा बांध मुलीच्या नकाशात आहे का, ते विचारा.

आता तुकड्यांचं. दोन्ही दिशांना वळणारा पृष्ठभाग एकसारख्या सपाट तुकड्यांत सहसा विभागता येत नाही, म्हणून मापं वेगळी येतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चौकावर 2000मध्ये काचेचं छत झालं, त्यात 3,312 काचा आहेत आणि त्या वेगवेगळ्या मापांच्या आहेत. सीएनसी किंवा लेझर यंत्राला याचा त्रास नाही. शंभर सारखे तुकडे कापा की शंभर वेगळे, वेळ जवळपास तेवढाच. तुमच्याकडे उरला, सिलतराची औद्योगिक वसाहत आहे, भिलाईचा कारखाना जवळ आहे. लोखंड आणि कापणारे, दोन्ही हाताशी.

खर्च वाढतो तो नंतर. तुकड्यांवर क्रमांक टाकणं, क्रमानं लावणं, आणि मुख्य म्हणजे सांधा. त्रिकोणी जाळीत एका सांध्यावर सहा पट्ट्या येतात, चौकोनीत चार. प्रत्येक पट्टीचा कोन वेगळा असेल तर वेल्डरला गुण्या लावून काही उपयोग नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं सांधा ओढला जातो तो वेगळाच. जर्मनीत श्वेबिश ग्म्युंड इथे 2014मध्ये 243 प्लायवूड पाट्यांचं प्रदर्शनगृह झालं. त्यात पाट्यांच्या कडांना 7,600 दात यंत्रमानवानं कापले, म्हणून पाट्या एकमेकींत फक्त एकाच जागी बसतात. चुकीच्या ठिकाणी लावताच येत नाहीत. हुशारी इथे खर्ची पडली, बाहेरच्या वळणांत नाही. मुलीनंही सांध्याची पाटी कापतानाच त्यात खाचा ठेवाव्यात, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक कोरून घ्यावा आणि साइटवर वेल्डिंगऐवजी बोल्ट वापरावेत. भोकं लांबट ठेवावीत. लेझर मिलिमीटरच्या अंशात कापतो, पण गच्चीवरचे अँकर बोल्ट सेंटिमीटरभर इकडेतिकडे असू शकतात. शिवाय हिवाळ्यातली रात्र आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेलं लोखंड यांत 50 अंशांचा फरक धरला, तर 8 मीटरची पट्टी सुमारे 5 मिलिमीटर लांब होते. त्या वाढीला जागा हवी.

आता वारा. जड छत पडू नये म्हणून काळजी घ्यायची, हलकं छत उडू नये म्हणून. वस्त्यांमधल्या पत्र्यांवर विटा आणि दगड ठेवलेले असतात ते याचसाठी. भारतीय मानकात रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. त्यावरून दाब निघतो चौरस मीटरला सुमारे 93 किलो. तुमच्या छताच्या 48 चौरस मीटरवर हा झाला जवळजवळ साडेचार टन. छताच्या आकाराप्रमाणे आणि इमारतीच्या उंचीप्रमाणे गुणक लावले की आकडा कमी-जास्त होईल, पण प्रमाण लक्षात घ्या. छत चौरस मीटरला 20 किलोचं धरलं तर त्याचं स्वतःचं वजन टनाच्या आत आहे. उरलेली ओढ पायांतल्या बोल्टांना आणि त्यांच्याखालच्या काँक्रीटला धरून ठेवायची आहे. जाळी उघडीच राहिली, वर काही घातलं नाही, तर ही ओढ बरीच घटते. पत्रा, पॉलिकार्बोनेट किंवा कापड घातलं की पूर्ण लागू होते. कमी लोखंडात होईल हे मुलीचं म्हणणं छतापुरतं खरं आहे. त्यातला काही भाग पायाशी परत द्यावा लागतो.

तेव्हा छताचे पाय गच्चीच्या स्लॅबवर कुठेही न ठेवता खालच्या खांबांच्या डोक्यावरच आणा. एक पूर्ण सांधा खऱ्या मापात करून फॅब्रिकेटरकडून जोडून पाहा, वेळ किती लागतो ते त्यालाच मोजू द्या आणि दर त्यावरून ठरवा. शिर्डीला जाणं झालं तर कोपरगाव तिथून फार लांब नाही. शाळेची परवानगी घेऊन मुलीला ते वाचनालय जरूर दाखवा. आणि वाऱ्याच्या उचलीची आकडेमोड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी हातात आल्याशिवाय एकही पट्टी कापायला देऊ नका.