पोत्यांची बेरीज यंत्र कशी करते?



आपल्या उसाचा भाव उताऱ्याशी बांधलेला आणि उतारा साखरेच्या वजनावर ठरतो. म्हणून पोत्यांची बेरीज चोख हवी. ती करणाऱ्या कंट्रोलरचे काम आम्ही इथे सोपे करून सांगतो.

कंट्रोलरचा प्रोग्रॅम शिडीसारखा मांडतात. प्रत्येक पायरीवर डावीकडे अट, उजवीकडे काम. 'ॲड' म्हणजे बेरजेच्या कामाला तीन घरे लागतात : पहिला आकडा, दुसरा आकडा आणि उत्तराची जागा. पहिल्या घरात आजवरची बेरीज, दुसऱ्यात ५०. उत्तर परत पहिल्याच घरात. पोते सेन्सरपुढे आले की ५० किलो जमा.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कंट्रोलर सगळ्या पायऱ्या सारख्या वाचत असतो. एक फेरी १० मिलिसेकंदांची धरली आणि पोते अर्धा सेकंद सेन्सरपुढे राहिले, तर एकच पोते ५० वेळा जमा होईल! म्हणून अटीनंतर 'वन-शॉट' घालतात. मग एका पोत्याला एकच बेरीज.

दुसरे, घराचे माप. १६ बिटांच्या चिन्हासहित घरात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. ६५५ पोत्यांचे ३२,७५० किलो बसतात. ६५६ वे आले की घर ओसंडते. काही कंट्रोलर मग उणे आकडा दाखवतात, काही तिथेच अडतात. ३२ बिटांच्या घरात २१४ कोटींच्या वर आकडा मावतो.

तरीसुद्धा गोदामातली थप्पी मोजून आकडा ताडावाच. जुळला नाही, तर आधी हीच दोन ठिकाणे तपासावीत.