कुकरची शिट्टी, जुन्या शहरातली बोळ आणि कर्नल



'इंटरप्ट म्हणजे व्यत्यय' ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण व्यत्यय आल्यावर संगणक नेमकं करतो काय, असं विचारलं की वर्ग शांत! आणि 'रिअल टाइम म्हणजे खूप वेगवान' हे तर सरळ चूकच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी ही यंत्रणा हजार वेळा झटपट चालली आणि एकदाच अर्धा सेकंद उशिरा जागी झाली, तर त्या वेगाचा काय उपयोग? दर वेळी ठरलेल्या मुदतीच्या आत काम होणं, याला रिअल टाइम म्हणायचं. मुदत लहान असो वा मोठी, ती पाळली जाण्याची खात्री हवी.

आता स्वयंपाकघरात चला. दूध गॅसवर ठेवलं की आई दर मिनिटाला डोकावते. याला पोलिंग म्हणतात. कुकरकडे मात्र ती बघतही नाही, कणीक मळत बसते. शिट्टी झाली की उठते. हा झाला इंटरप्ट. कीबोर्डचं बटण दाबलं, नेटवर्क कार्डात माहिती आली, टायमरचा ठोका पडला, की प्रोसेसरला अशीच शिट्टी ऐकू येते. तो हातातली एक सूचना पूर्ण करतो, आपण कुठवर आलो होतो याची नोंद ठेवतो आणि तक्त्यात पाहून त्या शिट्टीसाठी नेमलेला कर्नलचा छोटा कार्यक्रम चालवतो. त्याला हँडलर म्हणतात. तो संपला की सोडलेलं काम पुढे सुरू.

खरी गंमत पुढे आहे. शिट्टी झाल्यावर आई लगेच फक्त गॅस बंद करते. कुकर उघडणं, तुरीची डाळ घोटणं, फोडणी देणं हे नंतर सवडीने. (अकोल्यात वरणाशिवाय उदाहरण पुरं होत नाही!) कर्नलही कामाचे असेच दोन तुकडे करतो. अगदी निकडीचं तेवढं हँडलरमध्ये, बाकीचं मागाहून. कारण हँडलर चालू असताना त्या प्रोसेसरवर सहसा दुसऱ्या शिट्ट्यांना दार बंद असतं. एखादा हँडलर रेंगाळला तर त्याच वेळी आलेली महत्त्वाची शिट्टी बाहेर ताटकळते. उशीर शिरतो तो इथूनच.

लिनक्सच्या रिअल टाइम रूपात यावर उपाय असा : बहुतेक हँडलरांना साध्या कामांसारखंच रांगेत आणायचं आणि प्रत्येकाला प्राधान्यक्रम द्यायचा. शिट्टी वाजली की फक्त 'अमक्याला उठवा' एवढंच तिथल्या तिथे होतं. मग डिस्कचं काम चालू असतानाही ब्रेकचं काम मध्ये घुसू शकतं. सुमारे वीस वर्षे वेगळं जोपासलेलं हे काम २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आलं. फुकट काहीच नसतं. या उठवाउठवीत एकूण कामाचा उरक थोडा कमी होतो. घरच्या लॅपटॉपला याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्राधान्य दिलं तरी एक पेच उरतोच. जुन्या शहरातल्या अरुंद बोळीत हातगाडी शिरली आहे. मागून रुग्णवाहिका आली. बोळीच्या तोंडाशी मात्र ऑटोंची रीघ, त्यामुळे हातगाडीला बाहेर पडता येईना. म्हणजे रुग्णवाहिका प्रत्यक्षात ऑटोंसाठी थांबली आहे! ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात हेच झालं. हवामानाचं दुय्यम काम एका सामायिक साधनाला कुलूप लावून होतं, त्याहून निकडीचं काम त्या कुलपापाशी अडलं आणि मधल्या दर्जाचं काम चालतच राहिलं. मुदत हुकली की यानाचा संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, आणि असं अनेकदा झालं. उपाय आपल्या वाहतूक पोलिसाला ठाऊक आहेच : ऑटो थांबवा, आधी हातगाडी काढा. हातगाडीला तेवढ्यापुरता रुग्णवाहिकेचा मान मिळतो, बोळीबाहेर आली की ती पुन्हा साधी हातगाडी. पृथ्वीवरून ही सोय चालू केली आणि यान सुरळीत झालं.

मुलं विचारतील, मग पोलिंग वाईटच का? नाही. लग्नघरी पाहुण्यांची रीघ लागली की प्रत्येकाच्या घंटीला कोण उठतं? दार उघडंच ठेवतात. माहितीचा पूर आला की लिनक्सही नेटवर्क कार्डाची शिट्टी बंद करतो आणि स्वतःच डोकावत राहतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून ४८ संगणकांचा लिनक्स समूह उभारून आकाशातले संकेत येतील तसे जुळवण्याची रिअल टाइम यंत्रणा बनवली गेली. आकाश काही 'जरा थांबा' म्हटल्याने थांबत नाही.

घरी करायला एक काम द्या. मुलांनी सकाळी तासभर स्वयंपाकघरात बसून प्रत्येक हाक, शिट्टी, घंटी लिहून काढायची. समोर दोन रकाने : लगेच काय केलं, नंतरसाठी काय ठेवलं. तिसरा रकाना मुदतीचा. त्यात 'लवकर' असं लिहू देऊ नका, सेकंदांत आकडा मागा. दुधाचा आकडा आईला न विचारता, घड्याळ लावून काढायला सांगा.