सामुराईंची कुलचिन्हे आणि पहिले शील



परदेशात वाढणारी आपली मुले जपानी कार्टून आणि व्हिडिओ गेममधून सामुराईंना चांगली ओळखतात. कोणत्या घराण्याच्या झेंड्यावर कोणते चिन्ह, हेही त्यांना पाठ असते. त्याच मुलांना आपण वंदनेच्या वेळी पंचशील शिकवतो. मग एखादे मूल विचारते, "जपानमध्ये तर बुद्ध धम्म होता, मग सामुराई माणसे कशी मारायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हा पाठ आहे.

१. कुलचिन्ह म्हणजे काय?

जपानीत घराण्याच्या चिन्हाला 'कामोन' म्हणतात. आधी दरबारी सरदार आपल्या बैलगाड्यांवर अशी चिन्हे काढत. पुढे योद्ध्यांनी ती झेंड्यांवर आणि चिलखतांवर आणली, कारण रणांगणात आपला कोण आणि परका कोण हे दुरून कळायला हवे. ताइरा घराण्याशी फुलपाखराचे चिन्ह जोडले जाते. तोकुगावांचे चिन्ह वर्तुळात तीन पाने, तर शिमाझुंचे वर्तुळात अधिक चिन्ह.

काही चिन्हे थेट बौद्ध परंपरेतून आली. हाचिसुका घराण्याचे चिन्ह 'मान्जी' म्हणजे आपले स्वस्तिक होते. जपानच्या नकाशांवर बुद्ध विहाराची खूण म्हणून ते आजही दिसते. युरोप-अमेरिकेत हे चिन्ह पाहून लोक दचकतात, म्हणून त्याचा हा जुना अर्थ मुलांना सांगून ठेवावा. सानादा घराण्याच्या झेंड्यावर सहा नाणी असत. मेल्यावर नदी ओलांडण्यासाठी नावाड्याला द्यायचे ते पैसे, अशी लोकसमजूत होती. झेंड्यावर ती नाणी लावणे म्हणजे 'आम्ही मरायला तयार आहोत' असे सांगणे. याच घराण्याचा प्रसिद्ध योद्धा सानादा युकिमुरा १६१५ साली ओसाकाच्या लढाईत मारला गेला.

म्हणजे धम्माची खूण झेंड्यावर होती आणि झेंड्याखाली कत्तल चालू होती. चिन्ह धारण केल्याने शील येत नाही, हा या पाठातला पहिला मुद्दा.

२. कुमागाई आणि अत्सुमोरी

११८० ते ११८५ या काळात मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांत मोठे युद्ध झाले. मिनामोतोंचा झेंडा पांढरा, ताइरांचा लाल. ११८४ साली आजच्या कोबे शहराजवळ इचि-नो-तानि येथे ताइरांचा पराभव झाला आणि ते समुद्रातल्या नावांकडे पळू लागले.

मिनामोतोंच्या बाजूने लढणाऱ्या कुमागाई नाओझाने याने पाण्यात घोडा घातलेल्या एका सरदाराला आव्हान दिले. सरदार परत फिरला. कुमागाईने त्याला खाली पाडून शिरस्त्राण काढले, तर आत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. तो ताइरांचा अत्सुमोरी, घराण्याचा प्रमुख कियोमोरी याचा पुतण्या. कुमागाईचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा होता आणि त्याच दिवशी लढाईत जखमी झाला होता. कुमागाईला त्याला सोडून द्यावेसे वाटले. मागे पाहिले तर आपलेच घोडेस्वार येत होते. मी सोडले तरी ते मारतील, असे म्हणून त्याने रडत रडत त्याचे शिर कापले. नंतर मुलाच्या कमरेला बासरी सापडली. त्या पहाटे शत्रूच्या छावणीतून ऐकू आलेले सूर त्याचेच होते. 'हेइके मोनोगातारी' या ग्रंथात ही कथा येते.

पुढे कुमागाई भिक्खू झाला. ग्रंथ याचे कारण अत्सुमोरीचा मृत्यू सांगतो. त्या काळच्या राजवटीच्या इतिवृत्तात मात्र वेगळी नोंद आहे: ११९२ साली मावशीच्या नवऱ्याशी चाललेल्या जमिनीच्या वादात संतापून त्याने आपली शेंडी कापली आणि तो निघून गेला. इतिहास वाचताना दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात. माणूस एका क्षणात बदलतो असे नाही. मनात साचलेले दुःख कधीतरी एखाद्या निमित्ताने बाहेर येते.

३. होनेन यांची शिकवण

कुमागाई ज्यांच्याकडे गेला ते भिक्खू होनेन (११३३ ते १२१२) स्वतः योद्ध्याच्या घरात जन्मले होते. लहानपणी शत्रूने त्यांच्या वडिलांवर रात्री हल्ला केला. मरताना वडिलांनी मुलाला सांगितले, सूड घेऊ नकोस, भिक्खू हो. सामुराईच्या घरात पित्याच्या खुनाचा सूड घेणे हे मुलाचे कर्तव्य मानले जाई. त्या रिवाजाला या वडिलांनी नकार दिला. धम्मपदातील वैराविषयीची गाथा आपण नेहमी म्हणतो. ती जगून दाखवणे म्हणजे हे.

होनेन यांनी अमिताभाच्या नामस्मरणाचा मार्ग सांगितला. बाबासाहेबांनी सांगितलेल्या धम्मात बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, त्यामुळे तो मार्ग आपला नाही. पण स्त्रिया, कोळी, शिकारी, सैनिक अशा सर्वांना त्यांनी आपल्यात घेतले, ही गोष्ट मोठी आहे.

४. उतरंडीच्या बाहेरची माणसे

तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) समाजाची उतरंड पक्की झाली. वर सामुराई, मग शेतकरी, कारागीर, व्यापारी. दोन तलवारी बाळगणे आणि उघडपणे आडनाव लावणे हा सामुराईंचा मान. या सर्वांच्या बाहेर 'एता' आणि 'हिनिन' म्हटले जाणारे लोक. मेलेली जनावरे ओढणे आणि कातडे कमावणे ही कामे त्यांच्या माथी होती. आपल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कातडे कमावणारा अपवित्र, पण त्याच कातड्याचे चिलखत घालणारा सरदार प्रतिष्ठित!

अधिक दुःखाची गोष्ट अशी की अनेक बौद्ध मंदिरांनी या लोकांच्या थडग्यांवर पशू, नीच अशा अर्थाची अक्षरे असलेली नावे कोरली. १८७१ साली कायद्याने ही नावे आणि भेद रद्द झाले, पण समाजातला भेद राहिला. १९७५ साली तर त्यांच्या वस्त्यांच्या छुप्या याद्या कंपन्या विकत घेत असल्याचे उघड झाले. नोकरी मागायला आलेला माणूस 'कुठला' हे पाहण्यासाठी. आडनाव आणि गाव विचारून जात शोधण्याची पद्धत आपल्याही ओळखीची आहे.

३ मार्च १९२२ रोजी या समाजाच्या लोकांनी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्याचे लेखक साइको मान्किचि बौद्ध मंदिरातच जन्मले होते. त्यांनी झेंडा तयार केला: काळ्या पार्श्वभूमीवर लाल काट्यांचा मुकुट. कोणाच्याही कुळाचे हे चिन्ह नव्हते. आमच्या वाट्याला आलेले दुःख आम्ही लपवणार नाही, असे ते सांगत होते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्येच, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले.

५. मुलांना काय सांगावे?

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की बुद्धांनी अहिंसा नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून सांगितली. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. नियम डोळे मिटून पाळता येतो, तत्त्वाला विवेक लागतो. कुमागाईला मारण्याची इच्छा नव्हती. पण गरज कोणाची होती? दुर्बलाच्या रक्षणाची नव्हे, घराण्याच्या विजयाची. शत्रूचे शिर आणणाऱ्याला बक्षीस मिळे. कुळाच्या गरजेला त्याने स्वतःची गरज मानले आणि आयुष्यभर त्याचे ओझे वाहिले.

म्हणून मुलांना सामुराईंची गोष्ट जरूर सांगा. त्यांचे धैर्य आणि शिस्तही सांगा. त्यासोबत बासरीची, सूड नाकारणाऱ्या पित्याची आणि काट्यांच्या मुकुटाची गोष्टही सांगा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. कुमागाईच्या जागी तुम्ही असता तर त्या क्षणी काय केले असते?
२. कलिंगानंतर सम्राट अशोक राज्यावर राहिला, कुमागाई सर्व सोडून गेला. पश्चात्तापाचे हे दोन मार्ग कसे वेगळे आहेत?
३. विहारात बुद्धमूर्ती आणि मनात भेदभाव, असे आपल्या वागण्यात कुठे होते?

नमो बुद्धाय. जय भीम.