पार्टी घर बघायला येते तेव्हा

कोथरूडमधला आईचा जुना टू बीएचके विकायला काढला, तेव्हा एजंटने दोन गोष्टी परस्पर उरकल्या. ‘हल्ली आयटीवालेच घेतात ताई,’ म्हणत आतल्या खोलीतला पलंग काढून ऑफिसचं टेबल आणि फिरती खुर्ची मांडली. आणि बाथरूमलगतच्या भिंतीवर ओल आली होती, तिथे पुट्टी फिरवून रंगाचा हात मारला.

रविवारी पार्ट्या आल्या. एका निवृत्त जोडप्याने दारातूनच ‘इथे पलंग मावेल का हो?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते पुढे सरकले. आयटीतलं जोडपं मात्र खूश होतं. पण मुलाच्या वडिलांची नजर भिंतीवर गेली. सगळी भिंत मळकट आणि मध्येच हातभर पट्टा पांढराशुभ्र! त्यांनी तळवा टेकवला, भिंत गार लागली. तिथे काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोन आला, ‘आणखी काय काय झाकलंय?’ टोकन राहिलंच.

पुढे गळती काढून घेतली, प्लंबरचं बिल फाइलला लावलं आणि येणाऱ्याला आपणहून दाखवलं. थोडी घासाघीस झाली, पण घर गेलं.

घर विकायला काढणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. प्रत्येक जण वेगळं घर बघायला येतो. ज्येष्ठांचं लक्ष लिफ्टकडे आणि बाथरूमच्या फरशीकडे, लहान मूल असलेल्यांचं बाल्कनीच्या ग्रिलकडे, गुंतवणूक करणाऱ्यांचं पार्किंग आणि भाड्याकडे. म्हणून एकाच गिऱ्हाइकासाठी घर सजवू नका. बेडरूममध्ये पलंग राहू द्या, घडीचं टेबल कोपऱ्यात चालेल. कपाटावरच्या बॅगा उतरवा, माळा रिकामा करा. लोक तो उघडून बघतातच. हार घातलेले फोटो काढून ठेवा. ऊन घरात येतं त्या वेळेला बोलवा आणि नळाला पाणी असेल याची खात्री करा. वास्तू बघणारे मोबाइलवर दिशा लावतात, तेव्हा दाराची दिशा खरी सांगा.

शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र टेबलावर तयार हवं. जुन्या करारात बहुधा बिल्टअप क्षेत्र असतं. कार्पेट मोजून ठेवा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

आणि ओलीबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. तेव्हा रंग द्यायचाच असेल, तर आधी गळती काढा आणि मग पूर्ण भिंतीला द्या.