अमेरिकेची क्रांती शिकवताना

बी.ए.च्या वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना अमेरिकन क्रांतीपाशी मी नेहमी रेंगाळते. गाइडमध्ये ती दोन पानांत उरकते: कर, चहा, युद्ध, जाहीरनामा. ज्या स्वातंत्र्यासाठी हे सगळं झालं ते कोणाचं, हा प्रश्न त्यात नसतोच. तो वर्गात आणताना जे उमगलं, ते असं.

१. १७७६ पासून सुरुवात करू नका. व्हर्जिनियाची प्रतिनिधिसभा १६१९ पासूनची. आपले कर आपल्या सभेनं ठरवायचे, हे वसाहतींच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलं होतं. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट आला तेव्हा त्यांनी नवं काही मागितलं नाही. इंग्रज माणसाचे जुने हक्क आम्हालाही आहेत, आमचा प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटनं आम्हाला कर लावू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

२. चहाचा भाव जरूर सांगा. चहा महागला म्हणून बोस्टनकर भडकले, असंच मुलांना वाटत असतं. प्रत्यक्षात १७७३ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला होता. तरीही ३४२ पेट्या समुद्रात गेल्या, कारण तो चहा घेणं म्हणजे पार्लमेंटचा कर मान्य करणं. (चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचं पोट दुखत होतं, हेही लपवू नये.)

३. माणसाला माणूस म्हणूनच हक्क असतात असं मांडणाऱ्या लॉक या तत्त्वज्ञाचं नुसतं नाव घोकून घेण्यात अर्थ नाही; त्या विचाराची गरज का पडली ते सांगा. राजाशीच नातं तोडायचं ठरल्यावर ‘इंग्रज म्हणून’ हक्क सांगणार कसे? मग ते ‘माणूस म्हणून’ सांगावे लागले. थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’ आणि जेफरसननं लिहिलेला जाहीरनामा, दोन्ही १७७६ चे. क्रांतीचं खरं वळण मला इथे दिसतं.

४. आणि लगेच, त्याच तासाला, गुलामांचा विषय काढा. जेफरसननं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. मुलं विचारतात, मग हा सगळा ढोंगीपणाच का? अशा वेळी मी बेटची गोष्ट सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावी जॉन ॲश्लीच्या घरी ती गुलाम होती. सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत, असं सांगणारे गावाचे ठराव १७७३ मध्ये याच घरात लिहिले गेले. पुढे मालकिणीनं उगारलेलं तापलेलं फावडं बेटनं दुसऱ्या मुलीला वाचवताना हातावर झेललं. तो व्रण तिनं कधी झाकला नाही. विचारणाऱ्याला मालकिणीकडे बोट दाखवायची. राज्याच्या १७८० च्या संविधानात सगळे जन्मतः मुक्त आणि समान, असं कलम आलं. त्याच्या बळावर १७८१ मध्ये तिनं मालकाविरुद्ध दावा लावला आणि ज्यूरीनं तिला मुक्त ठरवलं. वर्गात यानंतर कोणी मोबाइलकडे बघत नाही.

५. आपल्याकडचा धागा ओढूनताणून आणायची गरज नाही, तो आहेच. जोतीराव फुल्यांनी पेन वाचला होता. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. अमेरिकेच्या संविधानानं गुलामी संपवली १८६५ मध्ये, जाहीरनाम्यानंतर ८९ वर्षांनी. हे साल फळ्यावर १७७६ च्या शेजारीच लिहावं.

अभ्यास मंडळावरच्या सहकाऱ्यांना एकच विनंती: पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलाल तेव्हा जेफरसनच्या खाली एका ओळीत का होईना, बेटचा खटला घाला.