पत्र पुढे पाठवावे की नाही?

उमरखेडच्या टपालपेटीत तुम्ही पुण्याच्या मामांसाठी पत्र टाकता. टपाल खाते तुम्हाला ओळखत नाही. तरी पत्र पोचते. कारण पाकिटावर तिकीट असते. वाहतुकीचा खर्च आधीच भरलेला असतो.

ई-मेलला तिकीट नसते. मग कोणाचे पत्र पुढे पाठवायचे, हे सर्व्हर कसे ठरवतो?

ई-मेल पाठवण्याच्या नियमसंचाला एसएमटीपी म्हणतात. जोनाथन पोस्टेल यांनी तो १९८२ साली मांडला. तेव्हा जाळ्यावरचे संगणक थोडे होते. कोणाचेही पत्र कोणालाही पुढे देण्याची, म्हणजे 'रिले' करण्याची, मुभा सर्रास असे. पुढे जाहिरातबाजांनी तिचा गैरफायदा घेतला. एक पत्र आणि शंभर पत्ते दिले, की शंभर प्रती पाठवण्याचे कष्ट सर्व्हरचे! अशा सर्व्हरची नावे काळ्या यादीत गेली आणि त्यांची खरी पत्रेही नाकारली जाऊ लागली. १९९८ मध्ये 'सेंडमेल' या प्रसिद्ध प्रणालीने मुळातच रिले बंद ठेवला.

आता समजा, आपल्या महाविद्यालयाचा एक सर्व्हर आहे. शक्यता चारच:

१. बाहेरच्याचे पत्र आतल्याला: घ्यावे. ते २५ क्रमांकाच्या दारातून, म्हणजे पोर्टवरून, येते. येथे परवलीचा शब्द मागितला तर बाहेरचे एकही पत्र येणार नाही.

२. आतल्याचे आतल्याला: घ्यावे.

३. आतल्याचे बाहेरच्याला: ओळख पटवून रिले करावे. त्यासाठी सहसा ५८७ क्रमांकाचे पोर्ट असते.

४. बाहेरच्याचे बाहेरच्याला: नाकारावे. सर्व्हर ५ ने सुरू होणारा तीन अंकी संकेत परत पाठवतो.

पण 'आतला' कोण? पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून हे ठरवू नये. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो! म्हणून परवलीचा शब्द हवा.

पत्रे वाचण्याचे नियमसंच, पीओपी आणि आयमॅप, निराळे आहेत. ते फक्त आपली पेटी उघडतात. रिलेशी त्यांचा संबंध नाही. म्हणूनच कधी कधी पत्रे येतात, पण जात नाहीत. अशा वेळी पाठवण्याची परवानगी तपासावी.

आता विचार करा: सुट्टीत पुसदला घरी गेलेला आपला विद्यार्थी परवलीचा शब्द देऊन नागपूरच्या मित्राला पत्र पाठवतो. तो आतला की बाहेरचा? कारणासह वहीत लिहा.