पुढचा एक दाता कमी करण्याआधी

इंजिन न उघडता मोटरसायकलचा स्वभाव बदलायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रॉकेट. त्यामुळे पावसाळा तोंडावर आला, माळशेजचे बेत ठरू लागले, की आमच्या जुईनगरात कुणी ना कुणी विचारतंच, ‘पुढे चौदाचं टाकू का?’ मी ते टाकून घाटही चढलोय आणि रोजचं ऑफिसही केलंय. विचारणाऱ्याला मी उलट एकच विचारतो: सोमवार ते शुक्रवार गाडी कुठे असते?

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीला पुढे १५ आणि मागे ४२ दाते. म्हणजे मागचं चाक एकदा फिरतं तेव्हा पुढचं स्प्रॉकेट २.८ वेळा फिरलेलं असतं. पुढे १४ केले की हा आकडा होतो ३. फरक सात टक्क्यांचा. चाकापर्यंत पोचणारा जोर तेवढा वाढतो, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतात. जिथे ६००० आरपीएम होते तिथे सुमारे ६४३०. इंजिनाची ताकद मात्र होती तेवढीच राहते. चढावर जे मिळालं ते सपाटीवर द्यावंच लागतं.

माळशेजला मिळालं ते खरंच मिळालं. डबल सीट, पाठीवर सामान, आणि आधी ज्या वळणांना दुसऱ्यात उतरावं लागायचं तिथे गाडी तिसऱ्यात न कुरकुरता निघाली. उतरताना थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला धरून ठेवायचं, ब्रेक कमी लागायचे. फक्त ओल्या रस्त्यावर जपायला हवं. गिअर खटकन खाली टाकून क्लच एकदम सोडला, तर हाच वाढलेला जोर मागचं चाक घसरवतो.

पण माझा रोजचा रस्ता सानपाडा, वाशी, खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर. खाडीपुलावर पाचव्या गिअरमध्ये पाय सारखा वर जायचा, सहावा शोधत. फूटरेस्टची थरथर पोटऱ्यांपर्यंत यायची, अ‍ॅव्हरेज पडलं, सिग्नलवरून निघताना पहिला गिअर टाकतो न टाकतो तोच संपायचा. वर्षातल्या चार घाटांसाठी हे सोसणं मला पटलं नाही. आज गाडीला पुन्हा १५ आहेत. मुरबाडकडचा जो दूधवाला रोज भरलेले कॅन लादून चढ चढतो, त्याला १४ जरूर टाकायला सांगेन. आपल्यासारख्यांनी फारच वाटलं तर मागे एक दाता वाढवावा, ४२ चे ४३, तेही तुमच्या गाडीला मिळत असतील तर. मागच्या एका दात्याने फरक जेमतेम अडीच टक्के पडतो. पुढचा एक कमी करणं म्हणजे मागचे तीन वाढवणं, हे गणित बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

काही जण उलट बाजूला जातात: ‘लाँग राइडसाठी १६ टाकतो.’ जुईनगरहून कुठली लाँग राइड? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे दुचाकीला बंद. २०२४ साली सुरू झालेला अटल सेतूही बंद. पुण्याला जायचं तर पनवेल, खोपोली करत शिंग्रोबाचा घाट चढायचा, आणि तिथे दीडशे सीसीला १६ म्हणजे हाफ क्लचवर क्लचप्लेट जाळणं. समोरून वारा असला तर सपाटीवरही पाचव्यात गाडी मरते. मोठं इंजिन असेल आणि फेऱ्या गोव्याच्या बाजूला असतील, तरच १६ चा विचार करा; त्याआधी कव्हर उघडून ते स्प्रॉकेट आत कुठे घासत नाही ना ते बघून घ्या.

आता महत्त्वाचं. माझं १४ चं स्प्रॉकेट एका गॅरेजमध्ये जुन्या चेनवर, मागचं जुनंच ठेवून बसवलं गेलं. ‘चेन अजून चालेल,’ असं सांगण्यात आलं. शिंग्रोबाच्या चढाला जोर लावला की मागून कट्‌ आवाज यायचा आणि पायाखाली झटका बसायचा. चेन दात्यावरून उडी मारत होती. खाली उतरून पाहिलं तर मागच्या स्प्रॉकेटचे दाते विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले. अशी चेन निसटून चाकात अडकली तर चाक जागच्या जागी जाम होतं, आणि मागे ट्रक असतो. म्हणून दाते बदलायचे तर पूर्ण किटच बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम. जुनी चेन ओळखायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला ती बोटाने ओढून बघा. अर्धा दाता उघडा पडला, तर तिचे दिवस भरले.

बसवताना स्वतः उभे राहा. पुढचा एक दाता कमी झाला की एक्सल तीनेक मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. मागे तीन वाढवले तर जवळजवळ दहा मिलिमीटर पुढे येतो आणि कधी कधी चेनच आखूड पडते. स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळल्यात का ते बघा, नाहीतर चाक तिरकं बसतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर एक्सल सरकल्यावर ब्रेकचा रॉड पुन्हा सेट करायला लावा. हे हमखास राहून जातं आणि कळतं ते पहिल्याच सिग्नलला. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. चेन किती ढिली ठेवायची हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बहुतेक गाड्यांना २५ ते ३० मिलिमीटर. घाटात डबल सीट जायचं म्हणून कुणी तारेसारखी ताठ करून देत असेल तर करू देऊ नका. वजन पडल्यावर ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

स्पीडोमीटर वेग कुठून घेतो तेही विचारा. चाकावरून घेत असेल तर काही बिघडत नाही. गिअरबॉक्सवरून घेत असेल, तर १४ ला काटा जास्त वेग दाखवेल आणि १६ ला कमी. पामबीचवर कॅमेरा मोजतो तो खरा वेग. आणि नवी चेन सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत थोडी सैल पडतेच, तेव्हा लांबच्या घाटाला निघण्याआधी ती एकदा पुन्हा तपासून घ्या.